एकच बाभूळ, रूपं अनेक

सिन्नर, येवला, नांदगाव या आपल्या जिल्ह्याच्या कोरड्या भागात बांधावर पिवळ्या गोंड्यांची बाभूळ दिसतेच. औताचं लाकूड, डिंक, शेळ्यांना शेंगा, सगळं हीच देते. पण सगळ्या बाभळी सारख्या असतात का? नीट बघा.

साध्या बाभळीच्या फांद्या छत्रीसारख्या पसरतात. रामकाठी बाभळीच्या मात्र खराट्यासारख्या सरळ वर जातात. तिची सावली पिकावर कमी पडते. जात एकच, ठेवण वेगळी. अशा गटांना 'उपजाती' म्हणतात.

बाभूळ आफ्रिकेपासून भारतापर्यंत पसरली आहे. लिनियसने १७५३ मध्ये तिला 'निलोटिका' हे नाव दिलं, ते नाईल नदीवरून. सुदानमध्ये नदीकाठची उपजात पुराच्या पाण्यात टिकते, तर कोरड्या जमिनीवर दुसरीच उपजात वाढते. कराचीजवळच्या वाळूच्या ओढ्यांत तर बाभूळ झुडूपच असते! आपल्याकडच्या शेंगा मण्यांच्या माळेसारख्या, वर पांढरट लव.

हे कसं घडलं? "पाणी नव्हतं म्हणून झाड बुटकं झालं," असं मुलं लिहितात. थोडं थांबा. शेळ्यांनी खाल्लेली बाभूळही बुटकी राहते, पण तो गुण तिच्या बियांत उतरत नाही. बियांमध्ये मुळातच थोडा थोडा फरक असतो. ज्या रोपांना तिथली परिस्थिती मानवते ती जगतात, त्यांचंच बी पुढे पडतं. हजारो पिढ्यांनंतर प्रदेशाप्रमाणे वेगळी रूपं तयार होतात. यालाच नैसर्गिक निवड म्हणतात.

याचा उपयोग काय? सावली-चाऱ्यासाठी बाभूळ ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये नेली. गुरांच्या शेणातून बी पसरलं आणि कुरणं काट्यांनी भरली. तिला खाणारे कीटक शोधताना शास्त्रज्ञांना आधी उपजात ओळखावी लागली. ती निघाली भारतातली, म्हणून शोध भारतात आला!

आपल्याकडे उलट घडतं. 'काटेरी झाड' म्हणून वेडी बाभूळ आणि आपली बाभूळ एकाच कुऱ्हाडीने तोडतात. वेडी बाभूळ अमेरिकेतून आलेली, वेगळ्याच जातीची. बांधावरची एक रामकाठी गेली, तर तिच्या बियांतला गुणही जातो.

कृती: दोन प्रकारच्या बाभळींच्या शेंगा आणा, चित्र काढा. दोन्हींचं बी एकाच मातीत लावा, सारखंच पाणी घाला. मोठी झाल्यावरही रोपांची ठेवण वेगळी राहिली, तर फरक कशात आहे: मातीत की बियांत? वहीत लिहा.