वजिफा सोडून धंद्यात पडणारी माणसे

निजामी अमदानीत बिदर-गुलबर्ग्याकडील मराठी घरांत मुलाला शिकवावयाचे ते कशासाठी, याविषयी फारसा वाद नसे. त्याने उर्दूत तरबेज व्हावे, कचेरीत अहलकार म्हणून चिकटावे, नशीब असल्यास पेशकारीपर्यंत चढावे आणि म्हातारपणी वजिफा खावा, एवढ्यात शिक्षणाचे सार्थक होई. 1918 मध्ये उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ निघाल्यावर या मनोरथांस पदवीचीही जोड मिळाली. पुढे 1948 मध्ये संस्थान खालसा झाले, 1956 मध्ये बिदर जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, दफ्तराची भाषा पालटली. नोकरीची आसक्ती तेवढी कायम राहिली. मन्नाएखेळ्ळीला हैदराबादच्या हमरस्त्यालगत कोणी वेल्डिंगचे दुकान थाटले, तर ‘पोराचे अभ्यासात डोके चालले नाही’ असा शेरा आजही सहज मारला जातो. उद्योजक कसा घडतो याविषयीचे आपले अज्ञान त्या शेऱ्यात पुरेपूर उतरले आहे.

या शेऱ्याला उत्तर म्हणून लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र पुरेसे आहे. 1869 मध्ये बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मलेला हा मुलगा चित्रकार होण्याच्या उमेदीने मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेला, आणि आपल्याला काही रंगांतला भेद उमगत नाही असे तेथे ध्यानी आल्यावर रंग सोडून यांत्रिक आरेखनाकडे वळला. त्याच विद्येच्या बळावर व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत त्यांना शिक्षकाची जागा मिळाली. परंतु हक्काची बढती डावलली गेली तेव्हा अर्जविनंत्यांच्या नादी न लागता त्यांनी ती नोकरी सोडली आणि बेळगावात बंधू रामूअण्णांसह सायकलींच्या धंद्यात लक्ष घातले. त्यानंतर कडबा कापण्याचे यंत्र आले, आणि मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची धारणा असल्याने ते नांगर बराच काळ गिऱ्हाइकावाचून पडून राहिले.

लक्ष्मणराव सर्वश्रेष्ठ आरेखक नव्हते, पदवीधर अभियंता तर नव्हतेच. कागदावर यंत्र उभे करणे, हाताने ते जुळवणे, दुसऱ्याला समजेल असे सांगणे आणि गिऱ्हाइकाचा नकार पचवून पुन्हा त्याच्या दारी जाणे, अशी चार साधारण कौशल्ये एका माणसात एकवटली होती, एवढेच. एडवर्ड लेझियर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने स्टॅनफर्डच्या माजी विद्यार्थ्यांची माहिती तपासून असाच निष्कर्ष काढला होता, की ज्यांनी नाना प्रकारची कामे केली आणि नाना विषय शिकले, त्यांचा कल स्वतःचा उद्योग काढण्याकडे अधिक असतो. एकाच विद्येत पारंगत झालेल्याला नोकरीच सोयीची पडते. याउलट गॅरेजवाला इंजिन खोलतो, उधारी वसूल करतो, सुट्या भागांसाठी हैदराबादच्या व्यापाऱ्याशी घासाघीस करतो, आणि कन्नड, मराठी, दखनी अशा तिन्ही बोलींत गिऱ्हाईक सांभाळतो. त्याचे डोके चालले नाही म्हणणाऱ्याची मला गंमत वाटते.

स्वभावाचे माहात्म्य मात्र आपण जरा फाजील गातो. धाडस, चिकाटी, मानी वृत्ती हे सारे लक्ष्मणरावांपाशी असूनही बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा काढून घेतली तेव्हा तारले ते औंधचे संस्थानिक पंतप्रतिनिधी यांनी. त्यांनी दिलेली कुंडल रोडची ओसाड जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज यांच्या आधारे 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली.

मग हा स्वभाव शिकवून येतो काय? मॅक्लेलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1964 च्या सुमारास काकिनाड्याच्या व्यापाऱ्यांना हैदराबादच्या लघुउद्योग संस्थेत आणून नेमके हेच अजमावले. शिकून गेलेल्यांपैकी पुष्कळांनी नव्या उलाढाली केल्या. तथापि ज्यांच्या हाती आपल्या व्यवहाराचा कारभार आधीपासून होता, त्यांच्यावरच त्या शिकवणीचा ठळक परिणाम दिसला. ज्याला घरातल्या वडीलधाऱ्यांच्या संमतीवाचून रुपया खर्चता येत नव्हता, त्याची उमेद वाढूनही हातून फारसे काही झाले नाही. उमेदीला साधनांची जोड कशी द्यावी, हे दुसऱ्या एका प्रयोगात दिसते. 1982 मध्ये धर्मस्थळच्या देवस्थानाने दोन बँकांच्या साहाय्याने उजिरे येथे बेरोजगार तरुणांसाठी जी प्रशिक्षणसंस्था काढली, तिच्यात शिकवणीच्या जोडीला बँकेचे कर्ज आणि नंतरची देखरेखही ठेवली होती. पुढे देशभर जिल्ह्याजिल्ह्यांत निघालेल्या ग्रामीण स्वयंरोजगार संस्था त्याच धर्तीवर चालतात.