दीड युनिट विजेवर चढणारी नौका

शिडाची छोटी नौका चांगल्या वाऱ्यात पाच-सहा नॉट वेगाने जाते, म्हणजे ताशी जेमतेम दहा किलोमीटर. हा आकडा मनात ठेवूनच स्कॉटलंडच्या पाण्यात उतरायचं.

क्षेत्रफळात हा देश महाराष्ट्राच्या चौथाईएवढा. पण जवळपास आठशे बेटं आणि आत घुसलेल्या खाड्या धरून त्याचा किनारा अठरा हजार किलोमीटरच्या वर जातो. जुरा आणि स्कारबा या बेटांमधल्या कॉरीव्रेकनच्या चिंचोळ्या खिंडीत भरतीचं पाणी साडेआठ नॉटपर्यंत धावतं. आपली नौका सहा नॉट. समोरून असा प्रवाह आला, तर शिडं फुगलेली असूनही नौका मागे मागे जाते! तळातून वर आलेला एक सुळका पृष्ठभागाच्या २९ मीटर खाली थांबतो. प्रवाह त्याच्यावर आदळतो आणि भोवरे उठतात. १९४७ मध्ये लेखक जॉर्ज ऑर्वेल इथेच बुडता बुडता वाचला.

अशा समुद्राला वळसा घालता यावा म्हणून स्कॉटलंडने कालवे खोदले. १८०१ मध्ये सुरू झालेला क्रिनन कालवा अवघा १४ किलोमीटरचा. त्यावर १५ लॉक, म्हणजे पाण्याची पातळी बदलून नौका वर-खाली नेणारे दरवाजेबंद टप्पे आहेत, पण किंटायर द्वीपकल्पाचा शंभर किलोमीटरहून मोठा फेरा वाचतो. उत्तरेचा कॅलेडोनियन कालवा ९७ किलोमीटरचा. त्यातलं खोदकाम फक्त ३५ किलोमीटर, बाकी निसर्गाने दिलेली सरोवरं. अभियंता थॉमस टेलफर्डच्या या कामाला सात वर्षं लागतील असा अंदाज होता, लागली १९. १८२२ मध्ये तो खुला झाला.

या कालव्यावर बॅनव्ही गावात ‘नेपच्यूनचा जिना’ आहे: एकाला एक लागून आठ लॉक. नौका आत घ्यायची, मागचा दरवाजा बंद होतो, वरच्या टप्प्यातलं पाणी आत सोडतात. नौका वर येऊ लागते तसा हातातला दोर ढिला पडतो आणि तो सारखा ओढून धरावा लागतो. असं आठ वेळा. दीड तासात नौका सुमारे २० मीटर, म्हणजे सहा मजले चढते. पाणी वरून खाली आपल्याच वजनाने येतं, उचलायला पंप लागत नाही.

पुढे लॉख नेस सरोवर. खोली २३० मीटर. एकावर एक तीन कुतुबमिनार ठेवले तरी टोक पाण्याखालीच राहील. साठा सुमारे २६० टीएमसी, म्हणजे काठोकाठ भरलेली अडीच कोयना धरणं. इंग्लंड आणि वेल्समधल्या सगळ्या सरोवरांचं पाणी एकत्र केलं तरी याची बरोबरी होत नाही.

आणि शेवटी फॉल्कर्कचं चाक. इथे दुसऱ्याच दोन कालव्यांमध्ये पूर्वी ११ लॉकची चढण होती, पार करायला जवळजवळ दिवस जाई. २००२ पासून ३५ मीटर उंचीचं चाक हे काम काही मिनिटांत करतं. चाकाला दोन पाळणे, प्रत्येकात अडीच लाख लिटर पाणी. नौका आत शिरली की स्वतःच्या वजनाएवढं पाणी बाहेर सारते. त्यामुळे एकात नौका आणि दुसऱ्यात नुसतं पाणी असलं तरी दोन्ही पाळण्यांचं वजन सारखंच. तराजू समतोल असल्यामुळे फिरवायला फारसं बळ लागत नाही.

आर्किमिडीजचं हे तत्त्व आपण शाळेत घोकलं, परीक्षेत लिहिलं आणि विसरलो. तिथे त्याच तत्त्वावर नौका २४ मीटर वर जाते, आणि अर्ध्या फेऱ्याला वीज लागते दीड युनिट. पुढचं वीजबिल हातात येईल तेव्हा त्यावरच्या युनिटांकडे एकदा या नजरेने जरूर बघा.