वेगवान नौकाशर्यतींतील सुरक्षासाधने व नौकाचालन : कोकण किनाऱ्याच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

यांत्रिक नौकांच्या शर्यती हा भारतात तुलनेने अपरिचित क्रीडाप्रकार आहे. तथापि या क्रीडेत शंभराहून अधिक वर्षांच्या अनुभवातून सुरक्षेचे जे शास्त्र विकसित झाले, त्याचे महत्त्व शर्यतीपुरते मर्यादित नाही. प्रस्तुत लेखात पाण्यावरील वेगाचे स्वरूप, प्रमुख अपघातांतून निर्माण झालेली सुरक्षासाधने आणि नौका हाताळण्याची तत्त्वे यांचे विवेचन केले आहे. प्रत्येक साधन एका विशिष्ट धोक्याचे उत्तर असते आणि त्यांपैकी सर्वांत स्वस्त साधनेच कोकणातील प्रवासी व पर्यटन नौकांना सर्वाधिक उपयुक्त आहेत, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : पॉवरबोट, लाइफ जॅकेट, किल कॉर्ड, सुरक्षा-कक्ष, ट्रिम, जलपर्यटन

१. प्रस्तावना

मुंबई-गोवा महामार्ग व मिऱ्या-नागपूर महामार्ग जेथे एकत्र येतात, तो हातखंबा तिठा रत्नागिरीच्या किनाऱ्याकडे वळणाऱ्या प्रवाशाच्या परिचयाचा आहे. येथील उतार आणि वळणे यांमुळे रस्ता-सुरक्षेचा विषय या परिसरात नित्य चर्चेत असतो. हेल्मेट, सीटबेल्ट, वेगमर्यादा हे शब्द सर्वांच्या तोंडी रुळले आहेत. मात्र हाच प्रवासी पुढे किनाऱ्यावर जाऊन वेगवान नौकेत बसतो, तेव्हा तेथील सुरक्षेविषयी त्याला फारशी माहिती नसते. रस्त्यावरील वाहनाला ब्रेक असतो, नौकेला नसतो, हा मूलभूत फरकही सहसा ध्यानात घेतला जात नाही. ही उणीव भरून काढण्यास नौकाशर्यतींचा अनुभव मार्गदर्शक ठरतो.

२. पाण्यावरील वेगाचे स्वरूप

पाणी मऊ असते, हा समज कमी वेगापुरताच खरा आहे. पाण्याची घनता हवेच्या सुमारे आठशे पट असते आणि आदळणाऱ्या वस्तूवर येणारा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. गणिताने पाहता ताशी ४० किलोमीटर वेगाला हा दाब दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ०.६ किलो, ताशी १०० किलोमीटरला सुमारे ४ किलो, तर ताशी २०० किलोमीटरला सुमारे १६ किलो इतका होतो. म्हणजेच वेग दुप्पट झाला की आघात चौपट होतो. अशा आघाताने माणूस प्रथम बेशुद्ध होतो आणि नंतर बुडतो. पट्टीचा पोहणाराही बेशुद्धावस्थेत पोहू शकत नाही. शर्यतीतील सुरक्षेचा सारा विचार या एका वस्तुस्थितीभोवती फिरतो.

३. अपघातांतून घडलेले नियम

यांत्रिक नौकांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांचा प्रारंभ १९०३ च्या हार्म्सवर्थ चषकापासून मानला जातो. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्येही या शर्यतींचा समावेश होता. १९२२ मध्ये या क्रीडेचे नियमन करणारी आंतरराष्ट्रीय संघटना, म्हणजे यूआयएम, स्थापन झाली. पुढील नियमांची वाटचाल मात्र दुर्घटनांनी आखून दिली.

१९३० मध्ये इंग्लंडमधील विंडरमीअर सरोवरात हेन्री सीग्रेव्ह यांची नौका उलटून त्यांचा मृत्यू झाला. पाण्यात तरंगणाऱ्या ओंडक्याची धडक हे त्याचे संभाव्य कारण मानले जाते. ४ जानेवारी १९६७ रोजी कॉनिस्टन सरोवरात डोनाल्ड कॅम्पबेल यांच्या ‘ब्लूबर्ड’चे टोक ताशी सुमारे ४८० किलोमीटर वेगात हवेत उचलले गेले आणि नौका कोलांटी खाऊन फुटली. २३ ऑगस्ट १९८७ रोजी माजी फॉर्म्युला वन मोटारचालक दिदिए पिरोनी व त्यांचे दोन सहकारी वाइट बेटाजवळ मृत्युमुखी पडले. एका तेलवाहू जहाजामागे उठलेल्या लाटेवर त्यांची नौका उसळून उलटली होती. ऑक्टोबर १९९० मध्ये मोनाकोच्या समुद्रात स्तेफानो कासिरागी यांचा मृत्यू झाला. त्यानंतर खोल समुद्रातील शर्यतींचे सुरक्षानियम अधिक कठोर करण्यात आले.

या चार घटनांतून चार वेगळे धोके दिसतात : पाण्यातील अडथळा, नौकेखाली शिरणारी हवा, दुसऱ्या जहाजाची लाट आणि आघातापासून अपुरे संरक्षण. पहिल्या तिघांवर उपाय मुख्यतः हाताळणीत व मार्गाच्या व्यवस्थेत आहे, तर चौथ्यावर साधनांत.

४. सुरक्षासाधने व त्यांमागील तर्क

४.१ सुरक्षा-कक्ष : १९८४ च्या मोसमात फॉर्म्युला वन नौकाशर्यतींत एकामागून एक प्राणहानी झाली. त्यानंतर चालकाभोवती संमिश्र धाग्यांपासून बनवलेला मजबूत कक्ष बसवण्याची पद्धत रूढ झाली. ब्रिटिश नौकारचनाकार ख्रिस हॉजेस यांचे यातील कार्य महत्त्वाचे आहे. नौका फुटली तरी कक्ष अभंग राहावा, हे त्यामागील तत्त्व होय.

४.२ पट्टे : चालकाला पट्ट्याने बांधावे की मोकळे ठेवावे, हा प्रश्न वरवर सोपा वाटतो. उघड्या नौकेत चालकाला बांधलेले नसणे हेच हिताचे मानले जाते, कारण उलटलेल्या नौकेखाली तो अडकण्याचा धोका असतो. बंद आणि मजबूत कक्षात मात्र पट्टा अनिवार्य ठरतो, कारण तेथे कक्षाच्या भिंतीवर आदळणे हाच मोठा धोका असतो. कक्षाविना पट्टा हा सापळा आणि पट्ट्याविना कक्ष हा आघात, असे म्हणता येईल. म्हणूनच पट्टा बांधणाऱ्या चालकाला पाण्याखाली सुटका करून घेण्याची परीक्षा द्यावी लागते. तलावात उलट्या केलेल्या कक्षातून पट्टा सोडून बाहेर येता आले, तरच त्याला शर्यतीत प्रवेश मिळतो. बंद कक्षाच्या नौकांत आपत्कालीन श्वसनासाठी हवेची छोटी नळकांडीही ठेवली जातात.

४.३ लाइफ जॅकेट : सर्व जाकिटे सारखी नसतात. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार ५० न्यूटन प्लवनशक्तीचे जाकीट हे शुद्धीवर असलेल्या पोहणाऱ्याला केवळ आधार देते. १५० न्यूटनचे जाकीट बेशुद्ध व्यक्तीला उताणे करून तिचे तोंड पाण्याबाहेर ठेवण्याच्या हेतूने बनवलेले असते. शर्यतीच्या जाकिटात याशिवाय छाती व पाठ यांना आघातापासून वाचवणारे अस्तर असते. बंद कक्षात आपोआप फुगणारे जाकीट उलट घातक ठरू शकते, कारण ते माणसाला कक्षाच्या आतच वर दाबून अडकवते.

४.४ किल कॉर्ड : एक टोक चालकाच्या मांडीला किंवा जाकिटाला आणि दुसरे इंजिनाच्या बटणाला जोडलेली ही साधी दोरी होय. चालक जागेवरून फेकला गेला की दोरी सुटते आणि इंजिन तत्क्षणी बंद पडते. ती जोडलेली नसेल तर चालकाविना राहिलेली नौका बहुधा गोल फिरत पुन्हा पाण्यात पडलेल्यांच्याच अंगावर येते आणि फिरता पंखा जीवघेणा ठरतो. मे २०१३ मध्ये इंग्लंडमधील पॅडस्टोजवळ सहलीला गेलेल्या एका कुटुंबातील दोघांचा याच रीतीने मृत्यू झाला. दोरी नौकेवर होती, पण जोडलेली नव्हती. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांहून लहान वेगवान नौकांवर अशा दोरीचा किंवा तत्सम साधनाचा वापर कायद्याने बंधनकारक झाला.

५. नौका हाताळण्याची तत्त्वे

सरळ मार्गावर चालक इंजिनाचा कोन, म्हणजेच ट्रिम, किंचित वर करतो. त्यामुळे नाळ उचलली जाते, पाण्याशी घर्षण कमी होते आणि वेग वाढतो. पण नाळ मर्यादेपेक्षा वर गेली की तळाखाली हवा शिरते आणि नौका पालथी होते. म्हणून वळणापूर्वी नाळ खाली आणणे, वेग वळणात नव्हे तर वळणाआधी कमी करणे, हा पहिला धडा असतो. वळणाच्या मध्यावर वेग अचानक सोडल्यास नाळ पाण्यात रुतते, नौका जागच्या जागी गिरकी घेते आणि आतील माणसे बाहेर फेकली जातात. लाटेवरून नौका हवेत उसळली असता क्षणभर वेग कमी करावा लागतो, अन्यथा पाण्याबाहेर आलेला पंखा अनिर्बंध फिरून इंजिनाची हानी होते. दुसऱ्या जहाजाची लाट शक्यतो वेग कमी करून ओलांडणे इष्ट असते.

ताशी १०० किलोमीटर वेगाने नौका सेकंदाला सुमारे २८ मीटर अंतर कापते. अडथळा दिसून हात हलेपर्यंत दीड सेकंद गेला, तरी ती ४० मीटर पुढे गेलेली असते. यास्तव अनेक शर्यतींत नौकेवर दोघे असतात आणि कामाची व निरीक्षणाची विभागणी केली जाते.

६. मुंबईतील शर्यत व कोकण किनारा

३ ते ५ मार्च २०१७ या काळात मुंबईत मरीन ड्राइव्हसमोरील समुद्रात ‘पी-वन पॉवरबोट इंडियन ग्रां प्री ऑफ द सीज’ ही शर्यत झाली. एकाच बनावटीच्या नौका आणि प्रत्येक नौकेवर दोन स्पर्धक असे तिचे स्वरूप होते. रॅलीचालक गौरव गिल व मोटरसायकलपटू सी. एस. संतोष हे भारतीय तीत सहभागी झाले होते. नोव्हेंबर २०१८ मध्ये अमरावती येथे कृष्णा नदीत फॉर्म्युला वन नौकाशर्यतही पार पडली. अशा शर्यतींत मार्ग बोयांनी आखलेला असतो, इतर नौकांना तेथे मज्जाव असतो, बचावनौका व पाणबुडे सज्ज असतात आणि लाल निशाण दिसताच शर्यत थांबते.

नित्याच्या जलवाहतुकीचे चित्र याहून वेगळे आहे. २४ ऑक्टोबर २०१८ रोजी मुंबईजवळ शिवस्मारकाच्या नियोजित स्थळाकडे निघालेली स्पीडबोट खडकावर आदळून बुडाली व एकाचा मृत्यू झाला. १८ डिसेंबर २०२४ रोजी इंजिनाची चाचणी चालू असलेल्या नौदलाच्या वेगवान नौकेचे नियंत्रण सुटले आणि घारापुरीकडे जाणाऱ्या ‘नीलकमल’ या प्रवासी नौकेला तिची धडक बसली. तीत पंधरा जणांना प्राण गमवावे लागले. या अपघातानंतर गेटवे येथील प्रवाशांना लाइफ जॅकेट सक्तीचे करण्यात आले. शर्यतीत जो वेग रिकाम्या मार्गावरच अनुज्ञेय असतो, तो गजबजलेल्या जलमार्गावर आला की काय घडते, याचे हे विदारक उदाहरण होय.

रत्नागिरी जिल्ह्यात गणपतीपुळ्यासारख्या ठिकाणी जलपर्यटन रुजले आहे. जयगड, मिरकरवाडा, भाट्ये या परिसरात मासेमारी नौकांची वर्दळ असते. जाळ्यांच्या खुणा आणि खाड्यांतून वाहून येणारे ओंडके हे येथील अडथळे आहेत. स्थानिक तांडेलाला पाण्याचे, भरती-ओहोटीचे आणि खडकांचे जे ज्ञान असते, ते अमूल्य आहे. परंतु ते ज्ञान तांडेल नौकेवर असेपर्यंतच उपयोगी पडते. तो स्वतः पाण्यात फेकला गेल्यावर नौका थांबवण्याचे काम दोरीच करू शकते.

७. निष्कर्ष

सुरक्षा-कक्ष, हवेची नळकांडी, पाणबुड्यांची पथके ही खर्चिक साधने पर्यटन नौकेला परवडणारी नाहीत आणि त्यांची तेथे गरजही नाही. चालकाला जोडलेली किल कॉर्ड, प्रत्येक प्रवाशाच्या अंगावर योग्य मापाचे व बांधलेले जाकीट, वळणाआधी कमी केलेला वेग, पुढे नजर ठेवणारा दुसरा खलाशी आणि पोहणाऱ्यांपासून व प्रवासी मार्गापासून वेगळा आखलेला वेगाचा पट्टा, या पाच गोष्टी मात्र अल्प खर्चात साध्य होणाऱ्या आहेत. बाकाखाली ठेवलेले जाकीट आणि खुंटीला टांगलेली दोरी तपासणीच्या नोंदवहीत भरते, पण अपघाताच्या क्षणी ती नसल्यासारखीच असते. साधन नौकेवर असणे आणि ते अंगावर असणे यांतील हे अंतर मिटवणे, हाच नौकाशर्यतींच्या शतकभराच्या अनुभवाचा कोकण किनाऱ्यासाठी सर्वांत महत्त्वाचा बोध होय.