स्वातंत्र्याचें स्मारक-नाणें व सिरसाळ्याची कालगणना

इ. स. १९७२ मध्यें भारतीय स्वातंत्र्यास २५ वर्षें पूर्ण झालीं. त्या प्रीत्यर्थ भारत सरकारनें १० रुपयांचें व ५० पैशांचें अशीं दोन स्मारक-नाणीं पाडलीं. पैकीं १० रुपयांचें नाणें २२.५ ग्रॅम वजनाचें असून त्यांत निम्मी चांदी आहे. त्याच्या एका अंगास अशोकस्तंभाचें सिंहशीर्ष व दुसऱ्या अंगास संसदभवन आणि राष्ट्रध्वज धरलेल्या आकृति आहेत. या नाण्याची गणना १५ ऑगस्ट १९४७ पासूनची, हें उघड आहे.

नाणें हें इतिहासाचें विश्वसनीय साधन मानण्यांत येतें, कारण तें समकालीन असतें. स्मारक-नाण्यास मात्र हा नियम जसाच्या तसा लावतां येत नाहीं. तें ज्या घटनेची साक्ष देतें ती पूर्वींची असते, आणि साक्ष देणारें शासन नंतरचें असतें. हा भेद स्पष्ट होण्यासाठीं परळी तालुक्यांतील सिरसाळा या गांवाचें उदाहरण घेऊं.

सन १९४७ मध्यें बीड जिल्हा हैदराबाद संस्थानांत, निजामाच्या औरंगाबाद सुभ्यांत मोडत होता. तेथील चलन हाली सिक्क्याचें. मीर महबूब अली खान यांच्या कारकीर्दींत, १९०३ च्या सुमारास, यंत्रानें पाडलेल्या हाली रुपयावर चारमिनारची आकृति आली. तिच्या मधल्या कमानींत राज्यकर्त्याच्या नांवाचें आद्याक्षर असे : प्रथम 'मीम', व १९११ मध्यें मीर उस्मान अली खान गादीवर आल्यानंतर 'ऐन'. साल हिजरी असे. इंग्रजी १०० रुपयांस हाली ११६ रुपये १० आणे ८ पै हा ठरलेला दर होता. म्हणजे इंग्रजी सहांस हाली सात. हा दर मनःपूत नव्हता. जुन्या इंग्रजी रुपयांत शुद्ध चांदी सुमारें १०.७ ग्रॅम, तर हाली रुपयांत सुमारें ९.१ ग्रॅम होती. या दोन अंकांचें प्रमाण सातास सहा असेंच येतें.

२९ नोव्हेंबर १९४७ रोजीं संस्थानाचा भारताशीं 'जैसे थे' करार झाला. त्यानंतर लवकरच हैदराबाद सरकारनें वटहुकूम काढून भारतीय चलन आपल्या हद्दींत कायदेशीर नाहीं असें ठरविलें. हें कराराशीं विसंगत आहे, असा आक्षेप भारत सरकारनें घेतला. याचा अर्थ असा कीं, ज्या वर्षापासून स्मारक-नाणें स्वातंत्र्य मोजतें, त्याच वर्षाच्या अखेरीस स्वतंत्र भारताचा रुपया सिरसाळ्याच्या बाजारांत कायद्यानें चालण्याजोगा राहिला नव्हता.

पुढें १३ सप्टेंबर १९४८ रोजीं पोलीस कारवाई सुरू झाली व १७ सप्टेंबरला निजामानें शरणागति पत्करली. मराठवाड्यांत मुक्तीचा दिवस पाळला जातो तो हाच. तथापि राज्य बदललें म्हणून चलन एका दिवसांत बदललें नाहीं. १९५० पासून भारतीय रुपया हाली रुपयाच्या जोडीनें, त्याच सहास सात या दरानें, चालूं लागला. हाली नाणें चलनांतून कायमचें रद्द झालें तें १९५९ मध्यें.

तेव्हां सिरसाळ्याच्या मुक्तीचीं २५ वर्षें भरलीं तीं १९७२ मध्यें नव्हे, तर १९७३ मध्यें. त्या दोन्ही वर्षीं मराठवाडा दुष्काळानें होरपळत होता, आणि गांवोगांवचीं माणसें खडी फोडण्याच्या व बांधबंदिस्तीच्या कामावर होतीं. १९७३ मध्यें सरकारनें जीं स्मारक-नाणीं काढलीं, त्यांचा विषय अधिक धान्योत्पादन हा होता. त्या सालचें हें नाणें दुष्काळी मुलखास अधिक जवळचें वाटलें असल्यास नवल नाहीं.

यावरून १९७२ चें नाणें खोटें बोलतें असें मात्र कोणीं समजूं नये. तें भारतीय राज्याचें साल सांगतें, आणि तेवढेंच सांगण्याचा त्याचा अधिकार आहे. सर्व गांवांचें साल त्यावरून काढणें ही वाचणाराची चूक होय. मराठवाड्यांतील जुन्या घरांत चारमिनारचा रुपया व संसदभवनाचें नाणें एकाच डब्यांत असलीं, तर तीं वेगळीं करूं नयेत. एक कोणत्या राज्यांत दिवस काढले हें सांगतें, दुसरें पुढें कोणत्या राज्याची आठवण आपली मानली हें सांगतें. गांवाचा इतिहास लिहावयाचा तर दोन्ही साक्षी एकत्र घेतल्या पाहिजेत.