वखारीचे गणित

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले अचलपूर हे वऱ्हाडातील एक प्राचीन नगर होय. भोवतालची काळी जमीन कापसासाठी प्रसिद्ध आहे. १९१३ मध्ये मूर्तिजापूरपासून येथपर्यंत अरुंद रुळांचा लोहमार्ग सुरू झाला. त्यावरून गेलेला कापूस मूर्तिजापूरला उतरवून मुंबईकडे जाणाऱ्या रुंद मार्गाच्या गाडीत पुन्हा चढवावा लागे. शेतापासून गिरणीपर्यंत माल असा ठिकठिकाणी थांबतो. त्याला सांभाळणारी जागा म्हणजे वखार. ती छोटी गाडी आता बंद पडली आहे. माल मोटारींनी जातो. वखारीची गरज मात्र संपलेली नाही.

वखार म्हणजे चार भिंती व एक छप्पर, असे पुष्कळांना वाटते. परंतु धान्याची पोती ओल्या जमिनीला टेकली, तर धान्य कुजते. म्हणून थप्पीखाली लाकडी फळ्या घालतात. थप्पी व भिंत यांमध्ये वाट सोडतात. त्यामुळे हवा खेळते आणि कीड लागली असल्यास ती वेळीच दिसते. आधी आलेला माल आधी बाहेर पडावा, हाही एक नियम आहे.

याहून कठीण प्रश्न असा, की कोणता माल कोठे ठेवावा? याचे उत्तर नोंदवहीत सापडते. समजा, एका वखारीत चार कप्पे आहेत. दारापासून ते अनुक्रमे १०, २०, ३० व ४० पावलांवर आहेत. दिवसभरात सोयाबीनची ६०, तुरीची २५, हरभऱ्याची १० आणि गव्हाची ५ पोती बाहेर न्यावयाची आहेत. सोयाबीन सर्वांत आत, मग तूर, मग हरभरा व गहू दाराशी अशी मांडणी असेल, तर पाठीवर ओझे घेऊन हमालांना एकूण ३,४०० पावले चालावे लागते. हाच क्रम उलटा केला, की १,६०० पावले पुरतात. एकही भिंत न हलविता निम्म्याहून अधिक श्रम वाचले! तथापि सोयाबीन दिवाळीच्या सुमारास येते, तर हरभरा होळीच्या सुमारास. तेव्हा ऋतूप्रमाणे मांडणीही बदलावी लागते.

केवळ सरासरी पाहणेही फसवे ठरते. एका दारात तासाला ६ गाड्या रिकाम्या होतात, म्हणजे आठ तासांत ४८. दिवसाला ४८ गाड्या येत असतील, तर एक दार पुरेसे वाटते. परंतु त्यांपैकी ३० गाड्या पहिल्या दोन तासांतच आल्या, तर १२ रिकाम्या होतात आणि १८ गाड्या रांगेत उभ्या राहतात. अशा वेळी अवकाळी पाऊस आला, तर वर्षभराचे कष्ट भिजून जातात. म्हणून गाड्या किती आल्या याबरोबरच त्या केव्हा आल्या, हेही टिपून ठेवावे लागते.

आज असे हिशेब संगणकावर करतात. वखारीची संख्यारूप प्रतिकृती तयार करून तीत गर्दीचे, पावसाचे व मंदीचे दिवस घालून पाहतात. दार एक असावे की दोन, वाट किती रुंद असावी, हे वीट रचण्यापूर्वीच समजते. बांधलेली भिंत पाडणे महागात पडते. कागदावरील रेघ मात्र सहज पुसता येते.

परंतु संगणकही नोंदींवाचून आंधळाच होय. दाराशी बसून प्रत्येक पोत्याची खरी नोंद करणारा कारकून हा त्या वखारीचा पहिला शिल्पकार असतो. त्याच्या अचूकपणावरच शेतकऱ्याचे धान्य आणि हमालाचे श्रम यांची राखण अवलंबून असते.