चतुःसीमा

सकाळी साडेसातला चहाच्या आधी ईमेल. तीन बँकांच्या पॅनेलवर मूल्यांकनकार आहे, त्यामुळे रात्रीतून फायली येऊन पडतात. आज चार. कागद आधी वाचून जायचं हा माझा नियम. इंडेक्स टू, खरेदीखत, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र. एका फायलीत नकाशाचा मोबाईलवरून काढलेला फोटो आहे, त्यात नकाशा कमी आणि टेबलावरचा पोह्यांचा डबा जास्त. स्वच्छ प्रत मागवली.

साडेनऊ, धायरी. रीसेलचा दोन बीएचके. सौदा ७० लाखांचा. दार उघडताच घरमालक म्हणाले, "सर, ९८० स्क्वेअर फूट आहे." ते सेलेबल. मी लेझर मीटर भिंतीला टेकवला. हॉल, दोन बेडरूम, किचन, पॅसेज, सगळं मोजून ६४ चौरस मीटर, म्हणजे ६८९ चौरस फूट. उरलेले २९१ फूट जिन्यात, लॉबीत आणि बाहेरच्या भिंतींत. रेरा कायदा आल्यापासून नव्या करारात कार्पेट क्षेत्र लिहावं लागतं, पण जुन्या इमारतींत माणसं सेलेबलचाच आकडा लग्नाच्या तारखेसारखा पाठ ठेवतात.

हॉलची एक बाजू जरा जास्तच ऐसपैस वाटली. खाली पाहिलं तर फरशीत एक बारीक आडवी रेघ, अलीकडे-पलीकडे रंगात किंचित फरक. तिथं पूर्वी भिंत होती. बाल्कनी हॉलमध्ये घेतली आहे. साडेचार चौरस मीटर कार्पेटमधून काढून वेगळे मांडले. "अहो, सगळ्यांनीच घेतलीय," असं वहिनी म्हणाल्या, ते खरंच आहे. वरचे चारही मजले तसेच दिसतात. पण मंजूर नकाशात बाल्कनी उघडी आहे. चहा नको म्हटलं. तो घेतला की आकडा विचारतात.

आकडा सगळ्यांकडे आधीच तयार असतो. मालकाचा, एजंटचा, बिल्डरचा, बँकेच्या माणसाच्या मनातला. मी ६४ लाख लिहिले तर बँक सौदा आणि माझी किंमत यांतली कमी धरणार. ८० टक्क्यांनी कर्ज ५६ लाखांऐवजी ५१ लाख २० हजारांवर येणार, आणि चार लाख ऐंशी हजार घेणाऱ्याला कुठून तरी उभे करावे लागणार. तो तरुण मुलगा जिन्यात भेटला होता. "सर, होईल ना?" मी म्हटलं, "रिपोर्ट बँकेकडे जाईल."

बारा वाजता सील केलेलं घर. थकीत कर्ज, सरफेसी कायद्याखाली ताबा घेतलेला, आता लिलावाची राखीव किंमत ठरवायची. बँकेचा अधिकारी, पंच आणि मी. दारातून आत सरकवलेली तीन वीजबिलं पायाखाली आली. मीटर नंबर त्यांवरूनच उतरवून घेतला. खिडक्या, ओल, प्लंबिंग, इमारतीचं वय, घसारा. लिहायचं ते भराभर लिहिलं. अशा घरात मी कपाटं उघडत नाही, गरजही नसते.

जेवण गाडीत. डबा आणि फोन एकाच वेळी.

तीनला मुळशीच्या बाजूला अकरा गुंठ्यांचा बिनशेती प्लॉट. एजंट पांढऱ्या गाडीत पुढे, मी मागे. रस्त्याला लागून सपाट, कुंपण नवं, वर डोंगर. "बघा साहेब, हाच." खरेदीखत काढलं. चतुःसीमेत उत्तरेस ओढा, दक्षिणेस गटाची हद्द, पूर्वेस रस्ता. मोबाईलमधली होकायंत्राची सुई बघितली, पुन्हा बघितली. ओढा दक्षिणेला होता.

"साहेब, ओढा वळलेला असेल."

ओढे वळतात, पण एका खरेदीखतापुरते नाही वळत. शेजारी गवत कापणाऱ्या काकांना विचारलं. ते म्हणाले, तो प्लॉट पुलाच्या पलीकडे, पाणी साचतं तो. एजंट फोनवर बोलत बोलत गाडीकडे गेला. कर्ज मागायला एक जमीन आणि दाखवायला दुसरी, हे मी पहिल्यांदा पाहत नाही. म्हणूनच हद्दीचे दगड, शेजारच्यांची नावं आणि अक्षांश-रेखांशाचा फोटो, या तिन्हींशिवाय सही करत नाही.

पुलापलीकडे जाईतो साडेपाच झाले. चिखलात बूट रुतले. मोजणीची खूण एकच सापडली, दुसरी झाडीत. उजेड गेला.

घरी आल्यावर रिपोर्ट. भोवतालच्या नोंदलेल्या व्यवहारांचे दर काढले, रेडीरेकनरच्या सरकारी दरांशी ताडून पाहिले. सरकार मुद्रांक शुल्कासाठी करारातली किंमत आणि रेडीरेकनर यांतली जास्त रक्कम धरतं, म्हणून लोकांना रेडीरेकनर हाच बाजारभाव वाटतो. पण गल्लीगणिक फरक पडतो, तो कोणत्याही तक्त्यात नाही. धायरीचा रिपोर्ट रात्री दहाला पाठवला, ६४ लाखांचा. सील केलेल्या घराचे तिन्ही आकडे टाकले: बाजारमूल्य, वसूल होण्याजोगं मूल्य, घाईच्या विक्रीचं मूल्य. तिसरा टाकताना हात जरा सावकाश चालतो.

साडेदहाला एजंटचा फोन. "साहेब, उद्या मीच घेऊन येतो खऱ्या जागेवर." मी म्हटलं, "दहाला या. आणि गमबूट घालून या."