बी.एस्सी.नंतर एम.ए.? पदव्युत्तर प्रवेशात शाखा बदलताना काय पाहायचं

समजा, कळंबच्या कॉलेजातून रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेल्या मुलीला पुढे तुळजापूरला ग्रामविकास शिकायचा आहे. घरात पहिला प्रश्न येतो, "मग ही तीन वर्षं वाया गेली का?" दुसरा जरा हळू आवाजात विचारला जातो: स्कॉलरशिप बंद तर होणार नाही ना? आमच्या मते हा दुसरा प्रश्न आधी विचारायला हवा.

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना महाडीबीटीवरून मिळणारी भारत सरकारची पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती घ्या. विषय बदलला म्हणून ती थांबत नाही. शिक्षणाचा एक टप्पा पास झाल्यावर त्याच टप्प्यावर पुन्हा वेगळा विषय घेतला, की अडतं. बी.ए. झाल्यावर बी.कॉम. केलं किंवा एका विषयात एम.ए. करून दुसऱ्यात एम.ए. घेतलं, तर लाभ मिळत नाही. बी.एस्सी.वरून एम.ए.ला जाणं ही मात्र वरची पायरी आहे. म्हणजे शाखा बदलायची असेल तर पदवी आणि पदव्युत्तर यांच्या मधल्या उंबरठ्यावरच बदललेली बरी. "आधी एम.एस्सी. पूर्ण कर, मग काय ते बघू" हा घरोघरी मिळणारा सल्ला इथे महागात पडू शकतो. कारण तोपर्यंत दुसरी एम.ए. ही त्याच टप्प्यावरची ठरते. इतर प्रवर्गांच्या योजनांचे नियम वेगळे असू शकतात. महाडीबीटीवर आपल्या योजनेच्या अटी उघडून वाचा.

आता प्रवेशाचं. विद्यापीठ अनुदान आयोगाने जून २०२४ मध्ये पदव्युत्तर अभ्यासक्रमांचा आराखडा आणला. त्यात म्हटलंय, पदवीला मुख्य विषय कोणताही असो, ज्या विषयात मास्टर्स करायचं त्याची राष्ट्रीय किंवा विद्यापीठ पातळीवरची प्रवेश परीक्षा पास झालात तर तुम्ही पात्र. पदवीला मायनर म्हणून घेतलेल्या विषयातही मास्टर्स करता येतं. त्यामुळे नव्या शैक्षणिक धोरणाखाली पदवीला बसलेल्यांनी मायनर 'सोपा कोणता' एवढंच पाहून निवडू नये.

पण आराखडा वेगळा आणि माहितीपुस्तिका वेगळी. प्रत्यक्षात विज्ञानाकडून समाजशास्त्राकडे येणं सोपं असतं, उलट प्रवास अवघड. एमबीए, तीन वर्षांची एलएलबी, बी.एड. यांना कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो, फक्त टक्केवारीची अट असते. एमसीएला मात्र बी.ए., बी.कॉम. वाल्यांकडे बारावीला किंवा पदवीला गणित असलेलं बरं. अकरावीत गणित सोडलेल्यांना ते इथे आठवतं!

आपल्या मुलीचं काय? तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं, म्हणजे टिसचं, ग्रामीण केंद्र १९८६ पासून आहे. समाजकार्याच्या एम.ए.साठी कोणत्याही शाखेची पदवी चालते. २०२४ पासून टिसने प्रवेशासाठी सीयूईटी-पीजी ही परीक्षा स्वीकारली. तेव्हा निकालाची वाट पाहत जूनमध्ये चौकशी करून उपयोग नाही. अर्ज पदवीच्या शेवटच्या वर्षातच भरावा लागतो.

मुलाखत असेल तिथे "विषय का बदलला?" हे विचारणारच. "समाजसेवेची आवड आहे" हे उत्तर सगळेच देतात. गावच्या बोअरचं पाणी कॉलेजच्या प्रयोगशाळेत तपासलं, क्षार जास्त निघाले, पण पुढे ग्रामपंचायतीत काय करायचं ते कळेना, असं काही सांगता आलं तर रसायनशास्त्राची तीन वर्षं कामाला आली.

असा बदल नवा नाही. इरावती कर्वे १९२६ मध्ये फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाल्या आणि मुंबईत गो. स. घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्रात मास्टर्स करून पुढे मानववंशशास्त्राकडे गेल्या. खुद्द घुर्ये संस्कृतचे एम.ए.; केंब्रिजला जाऊन त्यांनी विषय बदलला.

नोकरीचा हिशेब मात्र आधी मांडा. सीनियर कॉलेजात प्राध्यापक व्हायचं तर नेट-सेट मास्टर्सच्या विषयात द्यावी लागते, म्हणजे नवा विषय चालतो. माध्यमिक शाळेत मात्र पदवीचा विषय पाहिला जातो. विज्ञान शिक्षक होण्याची वाट शिल्लक ठेवायची असेल तर मूळ बी.एस्सी. आणि बी.एड. हीच जोडी लागते.

एक कागद लोक विसरतात. धाराशिवच्या उपपरिसरात प्रवेश घेतला तर विद्यापीठ तेच राहतं. टिससारख्या दुसऱ्या विद्यापीठात गेलात तर मायग्रेशन सर्टिफिकेट मागतात, आणि ते छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाकडून आणावं लागतं. निकाल लागला की लगेच त्याचा अर्ज करून टाका.